डोकं म्हणतं, ‘सगळं ठीक आहे!’

२० डिसेंबर २०२५. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एक छोटं ‘किंग एअर’ विमान डोंगरांवरून चाललं होतं. आत फक्त दोन पायलट, प्रवासी कुणीच नाही. मध्येच केबिनमधला हवेचा दाब झपाट्याने गेला. दोघांनी लगेच ऑक्सिजन मास्क चढवले. तोवर विमानातल्या ‘ऑटोलँड’ नावाच्या यंत्रणेने ताबा घेतला होता. तिने विमानतळ निवडला, यंत्राच्या आवाजात रेडिओवरून कंट्रोलला कळवलं की पायलट काम करण्याच्या स्थितीत नाहीत, आणि विमान डेन्व्हरजवळच्या धावपट्टीवर अलगद उतरवलं. गार्मिन कंपनीची ही यंत्रणा खऱ्याखुऱ्या संकटात अथपासून इतिपर्यंत वापरली जाण्याची ही पहिलीच वेळ.

बातमी इथे संपली असती तर ‘वा, काय टेक्नॉलॉजी!’ म्हणून आपण पुढे स्क्रोल केलं असतं. पण खरी गोष्ट नंतर कळली. दोन्ही पायलट पूर्ण वेळ शुद्धीवर होते. मनात आणलं असतं तर यंत्रणा बंद करून त्यांना विमान आपल्या हातात घेता आलं असतं. त्यांनी ते घेतलं नाही. खाली डोंगर, हवामान वाईट आणि विमानात नेमकं काय बिघडलंय याची खात्री नाही, अशा वेळी यंत्रणेलाच काम करू द्यायचं, हा निर्णय त्यांनी विचार करून घेतला, असं विमान चालवणाऱ्या कंपनीने सांगितलं.

‘मग पायलट हवेत कशाला?’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण उंचावर ऑक्सिजन कमी पडला की मेंदूचं काय होतं हे वाचत गेले, तसं माझं मत उलटं झालं. मला आता वाटतं, त्या दोघांनी त्या दिवशी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं. का, ते सांगते.

कळसूबाईच्या दीडपट

आधी एक गैरसमज दूर करू. उंचावर हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. ते दादरला जेवढं असतं तेवढंच, साधारण २१ टक्के, एव्हरेस्टच्या माथ्यावरही असतं. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे एका श्वासात येणारी हवाच विरळ, आणि तिच्यातला ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात ढकलणारा जोरही कमी. १८ हजार फुटांवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. प्रवासी विमान उडतं त्या ३५ हजार फुटांवर तो पाव हिश्श्याच्याही खाली जातो. ही उंची एव्हरेस्टपेक्षाही जवळपास सहा हजार फूट जास्त आहे.

मग आपण तिथे सँडविच खात सिनेमा कसा बघतो? कारण बहुतेक विमानांत इंजिनाने दाबलेली हवा केबिनमध्ये सोडली जाते. तिला ‘ब्लीड एअर’ म्हणतात. ही हवा आत भरून आणि बाहेर जाणारी हवा मोजूनमापून सोडून केबिनमधला दाब असा ठेवला जातो की शरीराला आपण फार तर आठ हजार फुटांवर आहोत असं वाटावं. कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. थोडक्यात, विमानात सीट बेल्ट लावून बसलेले तुम्ही शरीराच्या हिशेबाने कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंचीवर असता. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. फार तर जांभया येतात.

पण हा कृत्रिम दाब गेला तर? मग एक घड्याळ सुरू होतं. एव्हिएशनच्या भाषेत त्याला ‘टाइम ऑफ यूजफुल कॉन्शसनेस’ म्हणतात. म्हणजे माणूस बेशुद्ध पडेपर्यंतचा वेळ नव्हे, तर डोकं कामाचं राहील एवढा वेळ. १८ हजार फुटांवर तो २० ते ३० मिनिटं असतो. २५ हजारांवर ३ ते ५ मिनिटं. ३० हजारांवर एक ते दोन मिनिटं. ३५ हजारांवर अर्धा ते एक मिनिट. आणि ४० हजारांवर १५ ते २० सेकंद. एवढ्या वेळात तुमचा मोबाइलसुद्धा रिस्टार्ट होत नाही.

गुदमरल्यासारखं का होत नाही?

आता मुद्द्याची गोष्ट. श्वास कोंडला की आपण कासावीस होतो. मग ऑक्सिजन संपत आलाय हे पायलटला कळायला नको का? नाही कळत. कारण ती कासाविशी प्रामुख्याने ऑक्सिजन कमी झाल्याची नसतेच, ती कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. डोकं उशीत दाबलं तर तो साठतो आणि आपण धडपडतो. विरळ हवेत मात्र श्वास नेहमीसारखा चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि शरीराची मोठी धोक्याची घंटा वाजतच नाही.

आपल्या पिढीला हे समजायला कठीण जाऊ नये. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून ‘किती आला?’ असं विचारलं जायचं, ते आठवतंय ना? तेव्हा ‘हॅपी हायपॉक्सिया’ हा शब्द बातम्यांत यायचा. ऑक्सिजनचा आकडा धोक्याच्या खूप खाली, आणि पेशंट मात्र फोनवर गप्पा मारतोय. कारणं वेगळी होती, पण धडा एकच. ‘मला काही होत नाहीये’ हा पुरावा नसतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. आणि त्याच्याकडे शिल्लक अशी काही नसते, रोज कमवायचं आणि रोज खायचं. पुरवठा घटला की आधी बारीक कामं बिघडतात. रात्रीची नजर तर पाच हजार फुटांच्या आसपासच मंदावायला लागते. पुढे आकडेमोड चुकते, लक्ष एकाच गोष्टीवर अडकून बसतं, हालचाली संथ होतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे निर्णयाची धार जाते. अनेकांना तर छान वाटू लागतं, दारूची पहिली झिंग चढावी तसं. चुका करणारा आणि त्या चुका पकडणारा मेंदू एकच असल्यामुळे तक्रार करायला कुणी उरत नाही.

यूट्यूबवर ‘स्मार्टर एव्हरी डे’ या चॅनेलचा एक व्हिडिओ आहे, जमल्यास जरूर बघा. चॅनेल चालवणारा डेस्टिन सँडलिन हा इंजिनिअर. नासाच्या ज्या खोलीतली हवा विरळ करता येते, अशा चेंबरमध्ये तो बसतो आणि मास्क काढतो. हातात लहान मुलांचं खेळणं, चौकोनी भोकात चौकोन टाकायचं. थोड्या वेळात त्याला तेही जमेनासं होतं. चेहऱ्यावर हसू. समोरचा माणूस त्याला बजावतो की मास्क लाव, नाहीतर मरशील. त्याला वाक्य ऐकू येतं, त्याचा अर्थही कळतो. तरी हात मास्ककडे जात नाही. शेवटी दुसऱ्याने तो लावावा लागतो. सुरुवातीला आपण हसतो, आणि मग हसू थांबतं.

हेच खऱ्या आकाशातही घडलंय. जुलै २००८मध्ये अमेरिकेत कॅलिटा कंपनीच्या एका लिअरजेटमध्ये दाब गेला. रेडिओवर पायलटची जीभ जड झालेली, शब्द लांबत चाललेले. तो कंट्रोलला सांगत होता की उंची सांभाळता येत नाहीये, वेग सांभाळता येत नाहीये, दिशा सांभाळता येत नाहीये. आणि त्यावर पुस्ती जोडत होता की बाकी सगळं मस्त आहे! कंट्रोल रूममधल्या लोकांनी आवाजावरून ओळखलं की हा माणूस हायपॉक्सियात आहे. त्यांनी एकच साधी सूचना पुन्हा पुन्हा दिली, खाली या. विमान ११ हजार फुटांवर आलं तसा आवाज पुन्हा माणसात आला. दोघेही पायलट सुखरूप उतरले. इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की बिघाड ओळखला तो जमिनीवर बसलेल्या, पुरेसा ऑक्सिजन मिळत असलेल्या मेंदूने.

एक बटण आणि १२१ माणसं

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. १४ ऑगस्ट २००५. हेलिओस एअरवेजचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालं. आदल्या रात्री देखभालीच्या वेळी केबिनच्या दाबाची तपासणी झाली होती. त्यासाठी एक बटण ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेलं होतं, ते तसंच राहिलं. पायलटांच्या चेकलिस्टमध्ये ते पकडायच्या तीन संधी होत्या. तिन्ही हुकल्या.

विमान वर जाऊ लागलं तसा भोंगा वाजला. पण या विमानात दोन वेगवेगळ्या इशाऱ्यांसाठी एकच भोंगा होता. जमिनीवर वाजला तर टेक-ऑफची तयारी अपुरी, हवेत वाजला तर केबिनचा दाब कमी. पायलटांना तो पहिला इशारा वाटला. कॅप्टन कंपनीच्या जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत राहिला. दाबाचं बटण ऑटोवर आहे का, असं आपण त्याला विचारलं होतं, असं त्या इंजिनिअरने नंतर चौकशीत सांगितलं. कॅप्टनने त्यावर उत्तर दिलं नाही, उलट दुसऱ्याच एका यंत्रणेचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत, ते विचारलं. उत्तर त्याच्या डोक्याच्या वर, हाताच्या अंतरावर होतं. पण तोवर त्याचा मेंदू एकाच गोष्टीवर अडकला होता.

मागे प्रवाशांचे मास्क खाली आले, त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपला. विमान ऑटोपायलटवर ३४ हजार फुटांवर गेलं, अथेन्सपर्यंत पोचलं आणि तिथे घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाच्या एफ-१६ विमानांनी जवळ जाऊन पाहिलं तर एक पायलट सीटवर कोसळलेला, दुसरी सीट रिकामी. शेवटी केबिन क्रूमधला एक जण, बहुधा हातातल्या सिलिंडरच्या आधारावर तग धरून, कॉकपिटमध्ये पोचलेला दिसला. तोवर इंधन संपत आलं होतं. विमान ग्रामॅटिको गावाजवळ डोंगरात कोसळलं. विमानातले १२१ जण गेले.

आता या अपघाताला ‘पायलटची चूक’ असं लेबल लावून फाइल बंद करता येते. चुका झाल्या, हे खरंच आहे. पण दोन वेगळ्या संकटांना एकच आवाज कुणी दिला? तो काही पायलटने दिला नव्हता. पुढे २०११मध्ये अमेरिकेच्या एफएएने ७३७ विमानांत त्यासाठी वेगळे इशारा देणारे दिवे बसवायचे आदेश काढले. म्हणजे दिव्याची गरज होती, हे शेवटी मान्य झालंच.

हे सगळं ग्रीस-अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. २० सप्टेंबर २०१८ला सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ब्लीड एअरचे स्विच चालू करायचे राहून गेले, असं डीजीसीएने तेव्हा सांगितलं. विमानात १६६ प्रवासी. विमान वर गेलं, मास्क खाली आले, सुमारे तीस जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. विमान मुंबईला परत आणलं गेलं आणि जीवितहानी टळली. क्रूला ड्युटीवरून काढलं, दोन दिवस चॅनेलवर रक्ताळलेले रुमाल दिसले, आणि विषय संपला. लार्नाका आणि मुंबई यांत फरक होता तो काही मिनिटांचा. वेळेत कुणाच्या तरी लक्षात येण्याचा.

‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’

लढाऊ विमानांत तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. तिथे पायलट कायम मास्क लावूनच असतो. पूर्वी त्यासाठी द्रवरूप ऑक्सिजन भरून न्यायचे. आता ‘ओबॉग्ज’ नावाची यंत्रणा विमानातच ऑक्सिजन तयार करते. इंजिनाची ब्लीड एअर झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थातून दाबाने नेली जाते, तो नायट्रोजन अडकवून ठेवतो आणि ऑक्सिजनने समृद्ध हवा पुढे जाते. कोविडमध्ये घरी भाड्याने आणलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर याच तत्त्वावर चालायचा. फायदा असा की ऑक्सिजन संपत नाही. तोटा असा की इंजिनाची हवा बंद झाली की ऑक्सिजनही बंद.

नोव्हेंबर २०१०मध्ये अलास्कात हेच झालं. अमेरिकेच्या सगळ्यात आधुनिक एफ-२२ विमानात ब्लीड एअरमध्ये बिघाड झाला, यंत्रणेने ती आपोआप बंद केली आणि त्यासोबत पायलटचा ऑक्सिजनही थांबला. आपत्कालीन ऑक्सिजनसाठी सीटच्या बाजूची एक छोटी कडी ओढायची होती. अंगावर थंडीचे जाड कपडे, रात्र, विमान प्रचंड वेगात. विमान कोसळलं, पायलट गेला. हवाई दलाच्या चौकशीने कारण काय दिलं? पायलटचं लक्ष विचलित झालं, त्याने विमान वेळेत सावरलं नाही. २०१३मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच इन्स्पेक्टर जनरलने म्हटलं की उपलब्ध पुराव्यांवरून हा निष्कर्ष निघत नाही. नंतर या विमानांत आपोआप सुरू होणारा राखीव ऑक्सिजन बसवला गेला.

दरम्यान इतर एफ-२२ पायलटही चक्कर, गोंधळ, खोकला यांच्या तक्रारी करत होते. २०११मध्ये सगळा ताफा काही महिने जमिनीवर होता, तो पुन्हा उडवला, तक्रारी सुरूच. मे २०१२मध्ये दोन पायलट टीव्हीवर आले आणि म्हणाले, आम्ही हे विमान उडवणार नाही. नोकरी पणाला लावून. शेवटी एक दोष सापडला तो पायलटच्या अंगातल्या दाबाच्या जॅकेटच्या व्हॉल्व्हमध्ये. ते जॅकेट नको त्या वेळी फुगून छाती आवळत होतं. २०१७मध्ये अमेरिकी नौदलाच्या टी-४५ या ट्रेनर विमानांबाबतही तेच, प्रशिक्षकांनीच उडायला नकार दिला तेव्हा उड्डाणं थांबली. नासाच्या तज्ज्ञांनी एफ-३५च्या पायलटांचे श्वास मोजले तेव्हा दिसलं की माणसाच्या श्वासाची लय आणि यंत्राच्या पुरवठ्याची लय नेहमी जुळत नाही.

या सगळ्यात मला टोचलेली गोष्ट वेगळी आहे. ज्या आजारात आपल्याला काही होतंय हेच कळत नाही, त्यात एखाद्या पायलटला कळलं आणि त्याने सांगितलं, तर त्याच्या शब्दाला सोन्याचं मोल हवं. प्रत्यक्षात त्याला विचारलं जातं की तू घाबरलास का, फिट नाहीस का, तुझंच काहीतरी चुकलं असेल. ज्याचं लायसन्स मेडिकलवर अवलंबून आहे, तो मग गप्प बसायला शिकतो.

भारतासाठी हा प्रश्न आता घरचा आहे. डीआरडीओच्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेने तेजससाठी स्वदेशी ओबॉग्ज बनवली. मार्च २०२५मध्ये तेजसच्या एका प्रोटोटाइपवर ५० हजार फुटांपर्यंत तिची चाचणी यशस्वी झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलांसाठी डीआरडीओच्या तंत्रज्ञानाने जे ऑक्सिजन प्लान्ट उभे राहिले, त्यांचं मूळही तेजसच्या याच संशोधनात. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिकच्या एचएएलमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण अमेरिकेचा अनुभव सांगतो की यंत्र चाचणीत पास होणं ही अर्धी परीक्षा. उरलेली अर्धी म्हणजे रोज उडणाऱ्या माणसाच्या तक्रारीची नोंद नीट होते का, आणि ती करणाऱ्याला शिक्षा तर होत नाही ना.

डाग राहतात का?

ऑक्सिजन परत मिळाला की पायलट काही सेकंदांत शुद्धीवर येतो. मग विषय संपला का? बहुतेक वेळा हो. पण अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाची गोष्ट विचारात पाडते. हे विमान ७० हजार फुटांवर उडतं आणि त्याच्या केबिनमधला दाब पूर्वी जवळपास एव्हरेस्टच्या उंचीइतका विरळ असायचा. २०१३मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. १०२ यू-२ पायलट आणि तुलनेसाठी ९१ जण, सगळ्यांचे मेंदूचे एमआरआय. पायलटांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात दिसणारे बारीक ठिपके संख्येने सुमारे तिप्पट आणि आकारमानाने सुमारे चौपट निघाले.

इथे घाई करू नका. यू-२चे पायलट शुद्ध ऑक्सिजन घेत असतात, त्यामुळे संशयित मुख्यतः कमी ऑक्सिजन नसून कमी दाब आहे. दाब घटला की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. अशा विरळ हवेच्या चेंबरमध्ये इतरांना ट्रेनिंग देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मेंदूतही असे ठिपके जास्त आढळले. अमेरिकी हवाई दलाने मग यू-२च्या केबिनमधला दाब वाढवून ती ‘उंची’ सुमारे १५ हजार फुटांवर आणली. गोव्याला विमानाने जाणाऱ्या तुम्हाआम्हाला यात घाबरण्यासारखं काही नाही. पण इतकी वर्षं ‘झेपतंय ना, मग झालं’ म्हणून जे खपलं, ते एमआरआयमध्ये दिसलं, एवढं मात्र खरं.

साक्षीदार बाहेरचा हवा

मग करायचं काय? पायलटने जास्त सावध राहावं, हे उत्तर पुरेसं नाही. सावध राहणारा अवयवच इथे आधी बंद पडतो. म्हणून तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, अनुभव. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये हवाई दलाच्या पायलटांना विरळ हवेच्या चेंबरमध्ये बसवतात. प्रत्येकाची लक्षणं वेगळी असतात. कुणाची बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, कुणाला गरम वाटतं, कुणाला हसू येतं. आपलं पहिलं लक्षण कोणतं, ते एकदा अनुभवलं की खऱ्या प्रसंगी ओळखायची थोडी तरी शक्यता असते. अमेरिकेत नागरी पायलटांना उंचावरच्या उड्डाणाचं शिक्षण सक्तीचं आहे, पण चेंबर सक्तीचं नाही. तुमच्यापैकी जे सीपीएल करताय किंवा एनडीएची तयारी करताय, त्यांनी अशी संधी मिळाली तर सोडू नये.

दुसरी, यंत्राची मदत, आणि ती घेण्यात कमीपणा न मानणं. कोलोरॅडोचे ते दोन पायलट आठवा. ‘मी शुद्धीवर आहे असं मला वाटतंय’ आणि ‘मी शुद्धीवर आहे’ या दोन वाक्यांत फरक असू शकतो, हे धरूनच त्यांनी ताबा परत घेतला नाही. एअरबसच्या ए-३५० विमानात दाब गेल्यावर आपोआप खाली येण्याची सोय आहे. या सोयींची किंमत आहे, म्हणून त्या सगळीकडे नाहीत. पण हेलिओसच्या विमानात अशी एक जरी सोय असती तर?

तिसरी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे, ‘मला बरं वाटत नाहीये’ असं म्हणणाऱ्याला संशयाने न बघणं. एअरलाइन असो की हवाई दल, हे म्हणण्याची किंमत जिथे करिअर असते, तिथे कुणीच ते म्हणत नाही.

आणि हे फक्त पायलटांपुरतं नाही. परीक्षा संपल्या की आपल्यातल्या कितीतरी ग्रुपचा लेहचा प्लॅन ठरतो. मुंबईत समुद्राकाठी नाश्ता, दुपारी साडेअकरा हजार फुटांवर. कळसूबाईच्या दुप्पट. लगेच खार्दुंग ला गाठून रील टाकायची घाई. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, हा सल्ला तिथे सगळे देतात आणि आपल्याकडे ‘मी ट्रेकर आहे, मला काय होतंय’ हे उत्तर तयार असतं. आता तुम्हाला माहीत आहे की हे वाक्य कोण बोलतंय.

तेव्हा ग्रुपमधला एखादा मित्र तिथे अचानक विसंगत बोलू लागला, उगाच हसू लागला, नाहीतर चिडून ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तर त्याला पुन्हा विचारत बसू नका. त्याला जमिनीवरच्या एका सरळ रेषेवर, टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, तर त्याचं काहीही ऐकू नका. वाद घालू नका, उद्या बघू म्हणू नका. लगेच ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठा, आणि त्याला खाली आणा.

विमानात एअर होस्टेस सांगते ना, आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजारच्याचा. त्यामागचं गणित तेवढंच आहे. ३५ हजार फुटांवर तुमच्याकडे अर्धा ते एक मिनिट असतं. शेजारच्याला वाचवायला आधी तुमचं डोकं जागेवर हवं. पुढच्या वेळी ती हे सांगत असेल तेव्हा इअरफोन काढून ऐका.